रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

ज्यांचं अंग दुखतंय आणि रिपोर्टात काहीच सापडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि ते नाटक करतंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचावं. मी डॉक्टर नाही. चाकणच्या एका कंपनीत मशीनवर उभा राहणारा ऑपरेटर आहे. त्यामुळे इथे शहाणपण कमी आणि संशय जास्त सापडेल. या आजारात सगळ्यांनी माझ्यावर संशय घेतला, मी सगळ्यांवर घेतला, आणि शेवटी कोण कोणावर पाळत ठेवतंय तेच कळेनासं झालं.

पाण्याची बाटली

सुरुवात खांद्यापासून झाली. टर्निंगच्या मशीनवर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, लावायचा, दार ओढायचं, जॉब काढायचा, गेज लावून माप बघायचं, हे काम मी वर्षानुवर्षं केलंय. खांदा दुखला तर त्यात नवल नव्हतं. मग मान धरली, मग कंबर, मग मांड्या, आणि एके दिवशी दंडाला शर्टाची बाही लागलेलीही सोसेना. झोप लागायची, पण उठल्यावर कोणी रात्रभर बडवून काढल्यासारखं अंग असायचं. एकदा सेकंड शिफ्टला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेजारच्याला उघडून दे म्हणायची लाज वाटली, म्हणून बाटली तशीच पिशवीत ठेवली आणि शिफ्टभर तहानलेला राहिलो.

डोकंही धड चालेना. मशीनमध्ये आकडा भरायला बटणापाशी हात न्यायचा आणि कुठला आकडा भरायचा होता तेच विसरायचं. रहाटणी फाट्यावरून कंपनीची बस धरली की मोशीच्या पुढचा एकेक खड्डा पाठीत लागायचा. एके काळी याच बसमध्ये मी चाकण येईपर्यंत घोरत असे.

तपासण्या झाल्या. रक्त झालं, थायरॉइड झालं, आमवाताचं झालं, त्या भल्यामोठ्या नळकांड्यात घालून पाठीचे फोटो झाले. सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले, वजन कमी करा. तिसऱ्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला, उज्ज्वलाला, विचारलं, "घरात काही वाद वगैरे?" खरं सांगतो, रिपोर्ट आणायला जाताना मी मनात म्हणायचो, देवा, या खेपेला काहीतरी निघू दे. मुलगी बारावीला असलेला बाप आजार निघावा म्हणून देवाला साकडं घालतो, यावरून माझी अवस्था समजून घ्या.

नाव मिळालं

पिंपरीत एक संधिवाताच्या डॉक्टर आहेत. त्यांनी माझी जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि अंगठ्याने मानेमागे, खांद्यावर, कोपरापाशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबून बघितलं. प्रत्येक ठिकाणी मी कळवळलो. मग विचारत गेल्या: उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? आठवायला त्रास होतो का? आवाज, उजेड सहन होत नाही का? सगळ्याला हो. यांना माझ्याबद्दल आधीच कोणी सांगून ठेवलंय की काय, असा संशय येऊन मी उज्ज्वलाकडे पाहिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"फायब्रोमायल्जिया," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे नक्की काय झालंय?" उज्ज्वलाने विचारलं.

"स्नायू ठीक आहेत, हाडं ठीक आहेत. दुखल्याची वर्दी देणारी जी यंत्रणा असते ना, ती फार हळवी झालीय. एवढंसं काही झालं तरी मोठ्याने ओरडते. दुखणं खरं आहे, पण आत मोडतोड नाही."

हे मला समजलं. आमच्या मशीनचा अलार्मही कधीकधी काही बिघडलेलं नसताना वाजतो. सेन्सर जरा जास्तच हळवा लावलेला असतो. "मग सेन्सर बदला," मी म्हटलं.

"तो बदलता येत नाही, हळूहळू शांत करता येतो. गोळीने थोडी मदत होईल. पण मुख्य उपचार तुम्हालाच करायचाय. रोज चालणं, बेताचा व्यायाम, झोपेच्या वेळा सांभाळणं, आणि मनावर जो ताण येतो त्याबद्दल जाणकार माणसाशी बोलणं. दुखणं पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. कामं करता येतील, एवढं म्हणते."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "यांनाही काही सापडलं नाही, म्हणून एक नाव देऊन टाकलं."

रिक्षात उज्ज्वला रडायला लागली. आजार मोठा आहे म्हणून रडते असं मला वाटलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही कामाला कंटाळलात म्हणून असं करता." वर्षभर ती माझं अंग चेपत होती, मला गरम पाणी देत होती, आणि मनात असं धरून होती. मला राग आला नाही. फार एकटं वाटलं.

चालायला तर मलाही सांगितलंय

कंपनीत एचआरच्या साहेबांनी डॉक्टरांचा कागद पुढून बघितला, मागून बघितला.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एक आहे, झोपताना."

"आणि?"

"चालायला सांगितलंय."

"चालायला तर मलाही सांगितलंय, दत्तात्रय."

शेजारी बसलेल्या सुपरवायझरला हसू आवरेना. त्यांचंही फार चुकलं असं नाही. आपल्याकडे आजाराचं वजन औषधावरून ठरतं. सलाईन लागलं तर माणूस आजारी, ऑपरेशन झालं तर फारच आजारी. चालायला सांगितलेल्या माणसाला शहाळं घेऊन भेटायला कोणी येत नाही.

साहेबांनी मला दिवाळीपर्यंत हलकं काम दिलं, पॅकिंगच्या टेबलावर बसून लेबलं लावायचं. "दिवाळीनंतर आठवडाभर मशीनवर उभं राहून दाखवा," ते म्हणाले. "जमलं तर मशीन तुमची. नाही जमलं तर आपल्याला दुसरा विचार करावा लागेल." दुसरा विचार म्हणजे काय, हे चाकणला कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारा.

लाईनवरची पोरं मला पेन्शनर म्हणायला लागली. त्यात पुढे मच्छिंद्र. हा माझ्या शेजारच्या मशीनवरचा, माझ्याच तालुक्यातला, लातूरकडचा, राहायला दापोडीला. तोंडाचा तिखट, पण कामाला वाघ. पॅकिंगपाशी येऊन म्हणायचा, "काय पेन्शनर, आज किती लेबलं चिकटवलीस? हात दुखला असंल." मी हसून घालवायचो आणि लेबल वाकडं चिकटायचं.

ज्याने त्याने सांगितलेलं

आमचे घरमालक तात्या रहाटणीचेच, जुन्या शेतकरी घरातले, तरुणपणी कुस्ती खेळलेले. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना पटलंच नाही.

"आरं दत्ता, ह्ये हाडाचं न्हाई, शिरंचं हाय. तालमीत चल. वस्ताद दोन येळा रगडंल, तिसऱ्या येळंला पळशील."

तिसरी वेळ आलीच नाही. वस्तादाने पहिल्याच वेळी मला असं मळून काढलं की दोन दिवस मी कुशीवर वळू शकलो नाही. तात्या बघायला आले आणि खूश होऊन म्हणाले, "दुखतंय न्हवं? आत साचल्यालं निघतंय." बरं वाटलं तर मालिशमुळे, बिघडलं तरी मालिशमुळे. अशा उपचाराला हरवणार कसं? शेवटी उज्ज्वला त्यांच्याशी भांडली. तीच हलक्या हाताने खांद्यावर गरम पिशवी फिरवायची, ते मात्र चालायचं. त्या संध्याकाळपुरतं.

ॲक्युपंक्चरच्या सुयाही टोचून घेतल्या. पहिल्या आठवड्यात हलकं वाटलं. ते सुयांनी वाटलं की तिथे थंड खोलीत कोणी काही न विचारता पडू दिलं म्हणून वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कोणाला गुण येत असेल तर मी कोण नाही म्हणणारा. माझ्यापुरतं सांगायचं तर मला बरं वाटलं, मी बरा झालो नाही.

मनाच्या डॉक्टरांकडे जाताना तर मी उज्ज्वलाला शपथ घातली की तात्यांना सांगायचं नाही. तिथल्या मॅडम हळू बोलायच्या, त्याचाही मला संशय आला. त्यांनी विचारलं, "दुखायला लागलं की मनात पहिलं काय येतं?"

"की आता आपण कामातून गेलो."

"मग काय करता?"

"पडून राहतो."

"पडून राहिल्यावर?"

"आणखी दुखतं."

आपल्याच तोंडून वदवून घेतलं की यांनी, असं वाटून मी घरी आलो. पण पुढच्या वेळी कळ आली आणि 'कामातून गेलो' असं मनात आलं, तेव्हा मला त्या आठवल्या आणि मी पडायच्या आधी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. फार काही नाही, पण पडलो नाही.

पोत्याखालचा माल

खरा झगडा झाला तो फिजिओच्या मॅडमशी. उज्ज्वला घरी ब्लाऊज शिवते. तिच्या एका गिऱ्हाईकबाईने यांचं नाव सांगितलं होतं. दवाखाना आमच्या पुढच्याच गल्लीत. मी मोठ्या तयारीने गेलो, आणि त्यांनी काय दिलं? गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. खुर्चीतून उठायचं, बसायचं. एक रबरी पट्टा ओढायचा. दुखत असलं तरी एवढंच, दुखत नसलं तरी एवढंच. ठीक जमलं तर पुढे थोडंथोडं वाढवू, म्हणाल्या. माझा लगेच हिशेब झाला की आपण यांच्याकडे जन्मभर यावं, अशी ही सोय आहे.

आता ऑपरेटर लोकांची एक पद्धत सांगतो, साहेब लोकांनी वाचू नये. शिफ्टचं टार्गेट ठरलेलं असतं. ज्या दिवशी अंगात जोर असतो आणि मशीन कुरकुर करत नाही, त्या दिवशी आम्ही टार्गेटपेक्षा जास्त जॉब काढतो, पण दाखवत नाही. दाखवले तर उद्यापासून तेच टार्गेट होऊन बसतं. वरचे जॉब रॅकमागे पोत्याखाली दाबून ठेवायचे आणि वाईट दिवशी त्यातले काढून भर घालायची. सुपरवायझरला हे माहीत असतं. तोही एके काळी ऑपरेटरच होता.

तर एका सकाळी मी उठलो आणि अंग हलकं होतं. असा दिवस महिन्यातून एखादा यायचा. मी गल्लीचं टोक ओलांडलं, काळेवाडीला गेलो, तसाच परत आलो, खुर्चीतून उठलो-बसलो, पट्टा ओढ ओढ ओढला. मनात म्हटलं, चला, पुढच्या चार दिवसांचा व्यायाम आजच काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला उठवेना. उज्ज्वलाने चहाची कपबशी हातात धरून मला चहा पाजला. जरा बसता यायला लागल्यावर मी तिला घेऊन तडक फिजिओकडे गेलो.

"मॅडम, तुमच्या व्यायामाने मी आडवा झालो."

"गल्लीच्या टोकापर्यंतच गेला होतात ना?"

"हो."

उज्ज्वला माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, हे काळेवाडीला जाऊन आले. आल्यावर पट्टाही ओढत बसले होते."

"का हो?" मॅडमनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी त्यांना पोत्याखालच्या मालाची पद्धत सांगितली. त्या आधी खूप हसल्या.

"दत्ताभाऊ, शरीराकडे ते पोतं नाही," त्या म्हणाल्या. "आज जास्त काढलं तर ते उद्यासाठी शिल्लक राहत नाही. उलट उद्याचंही त्यात जातं. वाईट दिवशी थोडं करायचं आणि चांगल्या दिवशी तेवढंच करून थांबायचं. थांबणं हाच तुमचा खरा व्यायाम."

चांगल्या दिवशी थांबणं किती अवघड असतं, ते या आजाराच्या माणसालाच कळेल. इतक्या दिवसांनी अंग मोकळं झालेलं असतं, घरातली कामं तुंबलेली असतात, बायकोपुढे आपण अजून बाप्या आहोत हे दाखवायचं असतं. आणि मॅडम सांगतात, गल्लीच्या टोकाला वळा.

त्या दर वेळी एकच विचारायच्या, "या आठवड्यात काय करता आलं?" दुखणं किती, हे शेवटी विचारायच्या. मला राग यायचा. मी दुखण्यासाठी आलोय, दुखण्याचं विचारा की. पण सांगायला लागलो की निघत जायचं. बाटलीचं झाकण उघडलं. बसमध्ये डुलकी लागली. तात्यांकडचा पाण्याचा ड्रम सरकवला. दुखणं जवळपास तसंच होतं आणि त्याच्या आजूबाजूने कामं मात्र एकेक करून परत येत होती. तरी माझा संशय जाईना. पॅकिंगला आल्यापासून माझी नाईट बंद झाली होती, रोज एकाच वेळी झोपत होतो. मग हा गुण चालण्याचा की झोपेचा? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "दोन्हीचा असेल. तुम्हाला एकालाच पकडायचंय का?"

वरात

उन्हाळ्यात गावाकडे मेहुण्याचं लग्न होतं. वरातीत सासरची माणसं ओढायला लागली. अंग बरं होतं, बँड दणक्यात होता, आणि मला वाटलं, एवढं एक. मी नाचलो. मनापासून, हात वर करून नाचलो. मच्छिंद्र त्या गावच्या नात्यातला, तोही लग्नाला होता. त्याने मोबाईल काढला.

पुढचे काही दिवस मी सासऱ्यांच्या माडीवर सतरंजीवर पडून होतो. डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायला हात वर जात नव्हता. तिथे व्हिडिओ काढायला कोणी आलं नाही.

परत आल्यावर साहेबांनी बोलावून त्यांचा मोबाईल माझ्यापुढे धरला. लाईनच्या ग्रुपवरून तो नाच त्यांच्यापर्यंत पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'आमचे पेन्शनर, हलक्या ड्यूटीवर'.

"नाचता येतं, मशीनवर उभं राहता येत नाही?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला की नाच दिसतो, नाचानंतरचं दिसत नाही. सांगतानाच मला कळत होतं की हे खोट्या माणसाच्या तोंडी जास्त शोभतं. ते म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीनंतर बघू." मच्छिंद्रशी मी त्यानंतर बोललो नाही.

लंगडा

पावसाळा सरत आला तेव्हा माझं चालणं गल्लीच्या पुढे, महापालिकेच्या बागेपर्यंत वाढलं होतं. एका सकाळी बागेसमोरच्या टपरीवर मला मच्छिंद्र दिसला. हातात चहा, नजर माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग रोजच. त्याची नाईट चालू होती. नाईट सुटून दापोडीला जायचं तर बसमधून नाशिक फाट्यालाच उतरायला हवं. हा वाट वाकडी करून रहाटणीला कशाला येतो? उत्तर माझ्याकडे तयार होतं. साहेबांनी पाठवलाय. पेन्शनर किती चालतो, कसा चालतो, ते बघून ये.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण लपवलं तर या लिखाणात अर्थ नाही. मी लंगडायला लागलो. टपरी दिसली की उजवा पाय ओढायचो, कंबरेवर हात ठेवायचो, झाडाला धरून थांबायचो. वळणापलीकडे गेलो की सरळ. कंपनीत मला ठणठणीत दिसायचं होतं आणि रस्त्यावर आजारी दिसायचं होतं. दोन्हीचा मेळ कसा बसणार, हा विचार डोक्यात आलाच नाही. दिसू नये ते दिसलं होतं, तर आता दिसावं ते दाखवू, एवढंच सुचलं. त्या खोट्या लंगडण्याने माझा खुबा खरोखरच दुखायला लागला. फिजिओ मॅडम विचारत राहिल्या, मी काही सांगितलं नाही.

एकदा मोबाईल घरी विसरलो म्हणून उज्ज्वला तो द्यायला बागेकडे आली. तिने मला टपरीसमोरून पाय ओढत जाताना पाहिलं, आणि वळणानंतर ताडताड चालतानाही पाहिलं. मोबाईल हातात देताना तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

मी मच्छिंद्रबद्दल, साहेबांबद्दल सगळं घडाघडा सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आधीचंही असंच होतं का?"

कंपनीने संशय घेतला, पोरं हसली, ते सगळं मी पचवलं होतं. हे पचलं नाही. रिक्षात रडलेली, मॅडमपुढे खरं बोलणारी, तात्यांशी माझ्यासाठी भांडलेली ही एक बाई माझ्या बाजूने होती, आणि तिच्या हातातला पुरावा मीच काढून घेतला होता. काय सांगणार? रिपोर्ट तर नॉर्मल होते.

काही दिवस ती कामापुरतंच बोलली. मी लंगडणं बंद केलं. टपरीसमोरूनही जसा होतो तसा चाललो, पण तोवर मच्छिंद्र यायचा बंद झाला होता. एका सकाळी मला शर्टाची बटणं लावायला जमेना आणि मी तिला हाक न मारता खाटेवर बसून राहिलो. तिने शिलाईमशीन थांबवलं, येऊन बटणं लावली, आणि वरचं बटण लावताना म्हणाली, "तुमचं दुखणं मला खरं वाटतं. ते लंगडणं बघवलं नाही मला."

दिवाळीनंतर

आठवडाभर मशीनवर उभं राहायचं होतं. पहिल्या दिवशी दार ओढलं आणि खांद्यातून कळ गेली. 'कामातून गेलो' हे नेहमीचं मनात आलं. येऊ दिलं. दुसरा जॉब लावला. चहाच्या सुट्टीत बाकी सगळे बसले, मी शेडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलो. जेवणाच्या सुट्टीतही तेच. पोरं बघत होती. बघू दिलं.

मधल्या एका दिवशी अंग एकदम मोकळं होतं. हात आपोआप वेगात चालायला लागले. टार्गेट झालं, वेळ उरला होता, आणि रॅकमागे पोतं होतंच. मी मशीन पुसायला घेतलं. सुपरवायझर आला, माझ्याकडे बघितलं, रॅकमागे वाकून पोतं उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं. "काय राव, आज काहीच नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आता दाबून ठेवत नाही.

आठवडा संपल्यावर साहेब म्हणाले, "सध्या मशीन तुमची. नाईट नको असं डॉक्टरांकडून लिहून आणा." सध्या हा शब्द मी नीट ऐकला. उज्ज्वलाला सांगितलं तेव्हा तिने मशीनवरचा ब्लाऊज बाजूला सारला आणि देवापुढे साखर ठेवली.

बागेसमोर

त्यानंतरच्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी चालायला गेलो तर टपरीवर मच्छिंद्र. या वेळी चहा ठेवून तो रस्ता ओलांडून आला.

"दत्ताभाऊ, थांब जरा. एक खरं सांगतोस का? ह्या चालण्यानं काही फरक पडायलाय का?"

"तुला कशाला पाहिजे? साहेबांनी विचारायला सांगितलंय?"

"साहेबाचं काय मधी?" त्याने मान खाली घातली. "तुझ्यासारखंच मला व्हायलंय. दोन्ही खांदे, मान, सगळंच. त्या लग्नानंतर सुरू झालं. रिपोर्टात काही निघंना. घरात सुद्धा बोललो नाही."

"मग पावसाळ्यात इथं रोज उभा राहायचास ते?"

"तुलाच बघायला. म्हटलं, ह्याला गुण आला तर आपणबी जावं त्या मॅडमकडं. आधी चांगला चालत होतास, दिवसागणिक सुधारायलास असं वाटलं. मग लंगडायला लागलास. म्हटलं, ह्यात काही राम नाही, चालून चालून हा आणखी बिघडला. सोडून दिलं बघ. आता मशीनवर बघितलं तुला, म्हणून पुन्हा आलो."

"आधी विचारायचंस की."

"कसं विचारू? तुझा व्हिडिओ मी टाकलेला. गंमत म्हणून टाकला, एवढं होईल वाटलं नव्हतं. माझं कळलं असतं तर माझाबी कुणीतरी काढला असता."

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे त्याचे सगळे दिवस माझ्या लंगडण्यात गेले होते. मी त्याला ते सांगितलं. तुला दाखवायला लंगडत होतो, तू साहेबांचा माणूस वाटलास, म्हणालो. तो कितीतरी वेळ माझ्या पायांकडे बघत राहिला.

"म्हणजे फरक पडतो?" शेवटी त्याने विचारलं.

"पडतो. थोडा. मॅडम थोडंच देतील, तेवढंच कर. बरं वाटेल त्या दिवशी तर मुळीच जास्त करू नको. आणि नाईट सोडवून घे जमलं तर."

"आणि दुखणं? गेलं तुझं?"

"नाही. दुखणं आहे. पण मी मशीनवरही आहे."

तो मान हलवत बागेकडे चालायला लागला. चार पावलं गेला तसं माझ्या लक्षात आलं की तो डाव्या पायाने किंचित लंगडतोय. पहिलं मनात आलं ते हेच, की हा मला दाखवायला लंगडतोय. मी तसाच उभा राहिलो, ते मनातून जाईपर्यंत. ते पूर्ण गेलं नाही. मग मी पावलं उचलून त्याला गाठलं आणि त्याच्या चालीने चालायला लागलो.